पिवळी लॅब आई, तांबूस गावठी बाप आणि पिल्लू काळं?

तिसरामजला
मादी पिल्लू, 14 आठवड्यांचं, वजन 9 किलो. देणाऱ्यांच्या म्हणण्यानुसार आई पिवळी लॅब्रॅडॉर, बाप तांबूस गावठी. पिल्लू मात्र काळंकुळकुळीत, छातीवर आणि पंजांवर पांढरं, एक कान उभा, एक पडलेला. रंगच जुळत नाही, म्हणजे माहिती खोटी समजायची का? किती मोठी होईल? 9व्या आणि 12व्या आठवड्यात लस झाली आहे. खाणं दूध-पोळी, कधी उकडलेलं अंडं. पुण्यात फ्लॅटमध्ये राहणार.

काळूबाळू
रंगावरून तरी माहिती खोटी ठरत नाही. लॅबचा पिवळा आणि गावठीचा तांबूस दिसायला जवळचे, पण कारणं वेगळी. पिवळ्या लॅबमध्ये काळ्या रंगाचा प्रबळ जनुक असतोच. तो केसात उतरू न देणारा अप्रबळ जनुक दोन्हीकडून आलेला असतो, म्हणून काळा दिसत नाही. तांबूस गावठीत अडथळा नसतो, पण तो प्रबळ काळाही नसतो. पिल्लाला आईकडून काळा मिळाला आणि बापाकडून मोकळी वाट. अशा जोडीची सगळी पिल्लं काळी निघाली तरी नवल नाही.

कानाचं आत्ताच काही ठरवू नका. दात बदलताना, म्हणजे 4 ते 6 महिन्यांत, कान वर-खाली होत राहतात. आकाराचा ठोकताळा असा: 16 आठवड्यांचं वजन साधारण दुप्पट करा. म्हणजे तुमची 20 ते 23 किलोच्या आसपास थांबेल.

‘मिश्र जातीला आजार नसतात’ हे मात्र अर्धंच खरं. आई-बाप दोघांकडून सदोष जनुक आल्याशिवाय होत नाहीत असे आजार कमी दिसतात. खुब्याच्या सांध्याचा दोष अनेक जनुकांवर आणि वजनावर अवलंबून असतो, तो लॅबकडून येऊ शकतो. गुळगुळीत फरशीवर तिच्या रोजच्या वाटेवर रबरी मॅट टाका.

वाटीभर
दूध-पोळी आजपासून कमी करायला लागा. पोळीत वाढीपुरती प्रथिनं नाहीत, आणि दुधातली साखर पचवण्याची ताकद वयाबरोबर घटते, मग जुलाब. पिल्लांचं कोरडं खाद्य दिवसाला 250 ते 280 ग्रॅम, तीन वेळा विभागून. पाकिटावरचा तक्ता वेगळं सांगत असेल तर तो धरा. बदल 7 दिवसांत: दोन दिवस पाव भाग नवं, दोन दिवस निम्मं, दोन दिवस पाऊण, मग पूर्ण.

संपूर्ण आहाराच्या खाद्यावर वरून कॅल्शियमचं सिरप नको. मोठ्या अंगाच्या पिल्लांची हाडं जास्तीच्या कॅल्शियमनेही बिघडतात. उलट नुसता चिकन-भात दिला तर कॅल्शियम कमी पडून हाडं ठिसूळ होतात, म्हणून घरचं जेवण द्यायचं तर प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं बंद. लॅबची भूक खोटी असते. वाटीकडे बघून वाढू नका, बरगड्या चाचपा: हलक्या हाताला लागल्या पाहिजेत, पण डोळ्यांना टोचायला नकोत.

तिसरामजला
लस झालीच आहे, मग सोसायटीच्या बागेत सोडू का? शिवाय कानामागे दोन गोचिडं सापडली.

सुईदोरा
बागेत अजून नको. पिल्लात आईकडून आलेली प्रतिकारशक्ती असते आणि तीच लशीला निकामी करते. ती कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं, म्हणून डोस मोजण्यापेक्षा शेवटचा डोस 16 आठवडे पूर्ण झाल्यावर पडला का ते पाहा. त्यानंतर दोन आठवड्यांनी जमिनीवर सोडा. पार्व्हो, म्हणजे पिल्लांना उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार देणारा विषाणू, मातीत महिनोन् महिने टिकतो. रेबीजची लस वेगळी असते. कार्डावर दिसत नसेल तर आता घ्या, वय झालं आहे.

पण घरात कोंडूनही ठेवू नका. गावठी रक्ताची पिल्लं अनोळखी माणसाला बिचकतात आणि ओळख करून द्यायचे दिवस संपत आले आहेत. रोज 15 मिनिटं कडेवर घेऊन रिक्षा, लिफ्ट, हेल्मेटवाला, कुकरची शिट्टी सगळं दाखवा.

गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल, काडेपेटी काही नको. प्रतिबंधक गोळी त्या दिवशीच्या वजनावर ठरते, दर वेळी तोलून घ्या. गुरांचं औषध अंदाजे पातळ करून लावू नका. गोचिडं भिंतीच्या भेगांत अंडी घालतात, त्यामुळे बिछाना आणि कोपरे साफ केले नाहीत तर पुन्हा येतात. अंगावर गोचीड होती आणि नंतर ताप (103 फॅरनहाइटच्या वर), फिक्या हिरड्या किंवा गडद लघवी दिसली तर त्याच दिवशी रक्त तपासा.

काळूबाळू
मादी आहे म्हणून एक राहिलं. गावठी माद्या बहुधा वर्षातून एकदा माजावर येतात, लॅब साधारण सहा-सात महिन्यांनी. हिचं चक्र कोणावर जाईल ते पहिल्या माजानंतरच कळेल, तारीख लिहून ठेवा. नसबंदी पहिल्या माजाआधी की वाढ पुरी झाल्यावर, हे सांधे पाहून डॉक्टरांशी ठरवा. तोवर माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत पाणी फार पिऊ लागली, मलूल झाली किंवा स्राव दिसला तर गर्भाशयात पू असू शकतो. ती रात्रही थांबू नका.