जुनी वाद्यं: निष्ठा की नाटक?

मंद्रसप्तक
काल गप्पांच्या धाग्यावर 'वाकडी वाट' यांनी पिंक टाकली, की बारोक संगीत (बाखच्या काळचं युरोपीय संगीत) जुन्या वाद्यांवर वाजवणं म्हणजे दारात मर्सिडीज असताना टांग्यातून हिंडणं. तिथे दोन ओळींत आवरेना, म्हणून वेगळा धागा.

आजचं व्हायोलिन मोठ्या हॉलसाठी बदललेलं आहे. स्ट्राडिवारी या जुन्या नामी कारागिराच्या बहुतेक व्हायोलिनांच्या माना एकोणिसाव्या शतकात बदलल्या, तारांवरचा ताण वाढवला, पुढे आतड्याच्या तारा जाऊन धातूच्या आल्या. आवाज वाढला, कबूल. पण जर्मन संगीतकार बाखचा दुसरा ब्रँडेनबर्ग कॉन्चेर्टो (सोलो वाद्यं आणि वाद्यवृंद यांची रचना) घ्या, १७२१ चा. त्यात सोलो वाद्यं चार: ट्रंपेट, रेकॉर्डर (एक प्रकारची लाकडी बासरी), ओबो (सनईसारखा), व्हायोलिन. रेकॉर्डरमध्ये फुंकर वाढवली की सूर चढतो, त्यामुळे जोर लावायची सोयच नाही. आजकालच्या पिकोलो (छोट्या, चढ्या सुराच्या) ट्रंपेटशेजारी रेकॉर्डर वाजवणारा नुसता बोटं हलवताना दिसतो. बाखला एवढं कळत नव्हतं? त्याच्या काळचा ट्रंपेट म्हणजे बिनव्हॉल्व्हची लांबच लांब नळी, वरच्या सुरांत हळुवार वाजवता येणारी. तिच्याबरोबर रेकॉर्डर स्वच्छ ऐकू येतो. ही वाद्यं एकमेकांना जागा देतात, जुनी-नवी हा मुद्दा नंतरचा.

वाकडी वाट
जागा म्हणे! गेल्या हिवाळ्यात मुलीकडे अ‍ॅमस्टरडॅमला होतो. तिने हौसेने तिकिटं काढली. चर्चमधले लाकडी बाक, गुडघे आखडले, आणि एक रचना संपली की मंडळी पुन्हा तारा पिळत बसणार. आणि 'मूळ आवाज' कुठला? हा वेगवान, कोरडा, व्हायब्रेटो (सुराचं कंपन) गाळलेला आवाज ही विसाव्या शतकाचीच आवड आहे, हे संगीत अभ्यासक तारुस्किनने केव्हाच उघडं पाडलंय. तुम्हा जुन्या वाद्यवाल्यांची ती ४१५ ची पट्टी बघा, म्हणजे जुळवणीचा 'ए' सूर ४१५ हर्ट्झवर, आज असतो ४४० वर. पॅरिसला तेव्हा ३९२ च्या आसपास, जर्मनीतले कितीतरी ऑर्गन ४४० च्याही वर. मग सगळे ४१५ वर का बसले? ४४० पासून अर्धा सूर खाली, हार्पसिकॉर्डचा (पियानोआधीच्या कीबोर्ड वाद्याचा) कीबोर्ड एक घर सरकवला की काम झालं. सोय आहे ती, इतिहास कसला!

कोलोनकर
ट्यूनिंगवर एवढा राग? तंबोरे जुळेपर्यंत आपण बसतोच की, वर माना डोलावतो. आतड्याच्या तारा ओलीने बिघडणारच. ४१५ बद्दल मात्र बरोबर आहे तुमचं. नाइलाजाने लिहितोय.

पितळी
ट्रंपेट निघालाच आहे तर ऐका. आमचे बाबा पोलीस बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे, तेव्हा पितळेबद्दल मला कुणी शिकवू नये. या 'बारोक ट्रंपेट'च्या नळीला भोकं असतात! बाखच्या वेळी नव्हती. १९६० च्या सुमारास जर्मनीत ती पाडली, कारण साध्या नळीतून अकरावा आणि तेरावा स्वरांश (नळीतून नैसर्गिकपणे निघणाऱ्या सुरांपैकी) बेसूर लागतो. बोट उचललं की सुरात. याला अस्सल म्हणायचं?

मंद्रसप्तक
भोकांशिवाय वाजवणारेही आहेत. ट्रंपेटवादक झाँ-फ्रान्स्वा मादफ ऐका. आणि दोन सूर सावरायला भोक पाडलं म्हणून अख्खी नळी खोटी?

पितळी
हो, खोटी. बाबा ओठांनी सूर ओढून घ्यायचे. परेडला उन्हात उभं राहून ओठ फुटायचे, रात्री तूप लावून झोपायचे. बाखचा लाइपझिगचा ट्रंपेटवाला गॉटफ्रीड राइखे १७३४ मध्ये राजासमोर वाजवून आला आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यात कोसळून गेला. मशालींचा धूर बाधला म्हणतात. ते वाजवणारे! भोकवाल्यांना येईल का असं मरण?

सरगमताई
यावं अशी इच्छा आहे का तुमची? निम्मा धागा भोकांत गेला. अस्सलपणाचं एवढंच असेल तर आधी आपल्या गाण्यातली पेटी बाहेर काढा. १९४० मध्ये आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातलीच होती, तीसेक वर्षं टिकली. पेटीत मींड नाही, तरी साथीला पेटीच, आणि सारंगीवाल्याला कुणी विचारत नाही. तिकडे त्यांनी व्हायोला दा गांबा (गुडघ्यांत धरून गजाने वाजवायचं जुनं वाद्य) निदान परत तरी आणला.

पितळी
ताई, पेटीचा वेगळा धागा काढा. भोकांचं बोला.

कोलोनकर
मंद्र, सोवळं जरा सैल करा. हार्नोनकूर्टने १९५३ मध्ये व्हिएन्नात कॉन्चेंटुस मुझिकुस हा जुन्या वाद्यांचा वाद्यवृंद उभा केला, सगळ्यांच्या आधीच्या फळीतला माणूस. त्यानेच पुढे बेथोव्हनच्या सिम्फनी चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोपकडून आजच्या व्हायोलिनांवर करून घेतल्या. ट्रंपेट फक्त जुने ठेवले.

वाकडी वाट
घ्या! पुढाऱ्यालाच पटलं होतं.

मंद्रसप्तक
शेवटचं वाक्य वाचलंत ना? की बाक टोचत होता म्हणून तेवढंच सुटलं?

वाकडी वाट
रात्री दुसरा ब्रँडेनबर्ग दोन्ही प्रकारे ऐकला. येतो ऐकू तुमचा रेकॉर्डर. झालं समाधान? व्हायोलिनं मात्र खरखरतातच, आणि पुढच्या वेळी मी उशी घेऊन जाणार.

पितळी
जुन्या वाद्यांचं जे ऐकलंत, त्यात ट्रंपेटला भोकं होती का?