अनुभव धागा : लिनक्स टाकलं आणि मशीन उठलंच नाही

धागाकर्ता : अर्धवट_अ‍ॅडमिन

नमस्कार मंडळी. मागच्या शनिवारी माझा लॅपटॉप अडीच तास काळ्या स्क्रीनवर बसून होता आणि शेवटी खापर फुटलं ते मीच लिहिलेल्या एका ओळीवर, तेव्हा म्हटलं लिनक्सवरचे (विंडोजऐवजी टाकतात ती ऑपरेटिंग सिस्टिम) सगळ्यांचे असले प्रताप एकदा एका जागी येऊद्यात.

तर झालं असं की घरी १ टीबीची जुनी एक्स्टर्नल डिस्क आहे, त्यात लग्नाचे फोटो आणि बाबांची नाट्यसंगीताची गाणी. ती आपोआप माउंट व्हावी, म्हणजे सिस्टिमला जोडली जावी, म्हणून एफएसटॅबमधे (चालू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्या यादीची फाइल) तिचा यूयूआयडी (डिस्कचा ओळख क्रमांक) टाकून ठेवला होता. वर्षभर मस्त चाललं. शनिवारी डिस्क भावाकडे दिली, लॅपटॉप चालू केला तर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग', लाल तारे डावीउजवीकडे पळतायत आणि पुढे सेकंद मोजणं चालू, १ मिनिट ३० सेकंदांपर्यंत. ते संपले की इमर्जन्सी मोड. आता उबुंटूत (लिनक्सचा एक प्रकार) रूटला, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याला, पासवर्डच दिलेला नसतो, त्यामुळे 'रूट अकाउंट इज लॉक्ड', एंटर दाबा, फिरून तेच. मी तर एसएसडी गेली असं धरून नवीन एसएसडीचे भाव बघायला लागलो होतो!! मग लाइव्ह पेनड्राइव्हने चालू करून आतलं पार्टिशन उघडलं, ती ओळ दिसली आणि कपाळावर हात मारला. ऑप्शनच्या खणात 'नोफेल' एवढा शब्द वाढवला की डिस्क नसली तरी बिचारं पुढे जातं. तो मी टाकला नव्हता.

तुमचे लिहा. नुसतं "शेवटी फॉरमॅट मारला" चालणार नाही हां, स्क्रीनवर शेवटची ओळ काय होती आणि त्याआधी तुम्ही कशाला हात लावला होता ते पण लिहा.

जुनं_खोड

तुम्हा लोकांना निदान वाचायला ओळ तरी मिळते. १९९९ साली आम्हाला दोन अक्षरं मिळायची. तेव्हा सिस्टिम सुरू करून द्यायला आताचा ग्रब नव्हे, लिलो असायचं, आणि ते सुरू होताना एकेक टप्पा पार पडला की 'लिलो'चं एकेक अक्षर छापायचं. चारही आली की जिंकलो. माझं 'एलआय' वर थांबलं. म्हणजे दुसरा टप्पा डिस्कवरून उचलला पण चालवता आला नाही. नवीन कर्नल (लिनक्सचा गाभा) रात्रभर कंपाइल करून, बूटमधल्या फायली आवरून वगैरे मी मोठ्या ऐटीत रीस्टार्ट मारला होता, फक्त त्यानंतर लिलो परत चालवायला विसरलो. त्याला फाइलचं नाव गाव काही कळायचं नाही, डिस्कवरचा पत्ता तेवढा पाठ, आणि फाइल हलली की पत्ता चुकला.

बूट फ्लॉपी केली होती, पण चिपळूणचा पावसाळा, फ्लॉपीला बुरशी. सरकपट्टी बाजूला करून पाहिलं तर तबकडीवर पांढरे ठिपके. मित्राकडून दुसरी बनवून आणली, एसटीने येऊन जाऊन सहा तास, आणि दुरुस्ती किती वेळाची तर लिलो असं टाइप करून एंटर.

फळ्यावरचा_खडू

जुनंखोड काका, बुरशीवाला भाग भारी!

आमची शाळा, २००७-०८ चा सुमार, लोडशेडिंग जोरात. दहा कॉम्प्युटर, यूपीएस दोनच, त्यातला एक हेडसरांच्या केबिनमधे (का ते विचारू नका). लाइट गेली की आठ मशीन एकदम धाडकन बंद. पोरं ओरडायची, मला घाम. एके दिवशी निकालाच्या फायली होत्या तेच मशीन उठेना. 'अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली' (एफएससीके म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम). मी मराठी-इतिहासाचा माणूस, मला वाटलं डिस्क मेली. जिल्ह्याच्या गावच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं, सर घाबरू नका, ती म्हणतेय तेच करा, मॅन्युअली चालवा. चालवलं तर प्रत्येक चुकीला 'फिक्स?' असं विचारतंय, मी वाय वाय वाय दाबून बोट दुखवून घेतलं. नंतर कळलं की मागे वजा वाय लावलं असतं तर सगळ्याला आपोआप हो म्हटलं असतं.

मशीन उठलं पण निकालाची फाइल जागेवर नाही. ती सापडली 'लॉस्ट+फाउंड' या फोल्डरात, नाव जाऊन नुसता आकडा राहिला होता. साठ सत्तर फायली एकेक उघडत बसलो. नववी ब सापडली तेव्हा शिपायाला चहा सांगितला. आठवी अ नाही सापडली, ती मी वहीवरून परत टाइप केली.

लेस्टरची_लेक

माझा प्रॉब्लेम बूट होत नाही असा नव्हता, दारातच अडवलं होतं. इथे युकेत घेतलेला लॅपटॉप, लिनक्स टाकताना पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट केली, पासफ्रेजमधे अ‍ॅट द रेट चं चिन्ह. पुढे काहीतरी सेटिंगमधे खुडबुड केली आणि रीस्टार्ट केल्यावर पासवर्ड चूक म्हणायला लागलं. वीस वेळा टाकला. कॅप्सलॉक बघितला. नवऱ्याने पण टाकून बघितला, जणू त्याची बोटं वेगळी. रडकुंडीला आले, सगळं थीसिसचं काम आत!

शेवटी पुण्याहून दादा व्हॉट्सअ‍ॅपवर म्हणाला, तुझ्या कीबोर्डवर अ‍ॅट कुठे आहे गं? म्हटलं एंटरजवळ. तो म्हणे आमच्याकडे २ वर असतो. झालं! ब्रिटिश कीबोर्डवर अ‍ॅट आणि डबल कोट यांच्या जागा अमेरिकनच्या उलट आहेत, आणि डिस्क उघडायच्या आधीच्या त्या छोट्या सिस्टिमला (इनिटरॅमएफएस) माझी ब्रिटिश सेटिंग पोचलीच नव्हती. शिफ्ट २ दाबलं, दार उघडलं. आत जाऊन कीबोर्ड परत नीट सेट केला, इनिटरॅमएफएस अपडेट केलं, आणि पासफ्रेजमधून चिन्हं काढून टाकली ती कायमची.

डोंबिवली_फास्ट_बूट

छोटा आहे. ग्रब येतो, उबुंटू निवडलं की काळं. पंखा फिरतोय, कीबोर्डचा लाइट चालू, म्हणजे जिवंत आहे पण चेहरा दाखवत नाही. ग्राफिक कार्ड कोणाचं ते सांगत नाही, ज्यांनी भोगलंय त्यांना कळलंच असेल. ग्रबमधे ई दाबायचं, 'लिनक्स' ने सुरू होणारी ओळ शोधायची, 'क्वाएट स्प्लॅश' च्या जागी 'नोमोडसेट' लिहायचं, एफ१० दाबायचं. हे त्या एका वेळेपुरतंच असतं, आत गेल्यावर ड्रायव्हर टाकून घ्यावा लागतो, नाहीतर उद्या परत ई.

बायको_म्हणते_विंडोज_बरं

कर्नल पॅनिक, 'अनेबल टु माउंट रूट एफएस'. बूटचं वेगळं पार्टिशन, ५०० एमबी, त्यात जुने कर्नल साठून साठून तुडुंब. अपडेटने नवा कर्नल बसवला पण त्याची इनिटआरडी (वर लेस्टरच्या लेकीने सांगितली तीच सुरुवातीची छोटी सिस्टिम) लिहायला जागाच उरली नाही. अपडेट होताना एरर आली होती बरं का, मी वाचली नाही, भाजी आणायला जायचं होतं. ग्रबच्या अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शनमधून आधीच्या कर्नलने आत शिरलो, ऑटोरिमूव्ह करून जुने कर्नल काढले, अर्धवट राहिलेलं पॅकेज पूर्ण केलं.

दुसरा किस्सा लिहायची हिंमत नाही पण लिहितो. इन्स्टॉलरला डिस्क दिसेना म्हणून बायोसमधे (मदरबोर्डच्या सेटिंगमधे) डिस्कचा मोड रेडचं एएचसीआय केलं, आणि सिक्युअर बूट पण बंद केलं उगाच. त्याबरोबर विंडोजने डिस्कचं कुलूप (बिटलॉकर) उघडायला ४८ आकडी रिकव्हरी की मागितली. लॅपटॉप बायकोचा होता. की तिच्या अकाउंटवर मिळाली, पण ती लॉगिन करून देईपर्यंतचा अर्धा तास आमच्या घरी कोणी बोलत नव्हतं. बायोसमधे हात घालायच्या आधी ती की कागदावर लिहून घ्या रे बाबांनो. माझं यूझरनेम त्या दिवसानंतरचं आहे.

एसवाय_बीसीएस

सॉरी अनुभव नाहीये, माझं आत्ता चालूच आहे 😭 मिंट (हे पण लिनक्सच) टाकलं, इन्स्टॉलेशन कम्प्लीट म्हणालं, पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट केलं तर डायरेक्ट विंडोज, ग्रबचा पत्ताच नाही. उद्या प्रॅक्टिकल आहे प्लीज कोणीतरी सांगा, पुन्हा पहिल्यापासून टाकू का?

अर्धवट_अ‍ॅडमिन

थांब, टाकू नकोस. पेनड्राइव्ह लाव, त्यावरून चालू कर, टर्मिनलमधे बघ 'सिस' च्या आत 'फर्मवेअर' आणि त्यात 'ईएफआय' असं फोल्डर आहे का.

एसवाय_बीसीएस

नाहीये. नो सच फाइल.

अर्धवट_अ‍ॅडमिन

मग पेनड्राइव्ह लेगसी मोडमधे (बूट करायची जुनी पद्धत) चालू झालाय आणि तुझं विंडोज यूईएफआयवालं (नवी पद्धत) असणार. एकाच घराला दोन दारं झालीत. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसेल, ज्याच्या आधी यूईएफआय लिहिलंय तो निवड. आत आलास की फोल्डर परत बघ, आता दिसेल. मग मेनूतून बूट रिपेअर चालव, रेकमेंडेड रिपेअर. पार्टिशनला हात लावू नकोस.

लेस्टरची_लेक

आणि आधी प्रॅक्टिकलची फाइल विंडोजमधून ड्राइव्हवर टाकून ठेव रे बाळा.

एसवाय_बीसीएस

उठलं!!! ग्रब आला, मिंट आलं, विंडोज पण दिसतंय लिस्टमधे. थँक्यू दादा, थँक्यू ताई 🙏 फक्त विंडोजमधे जाऊन बघितलं तर घड्याळ गंडलंय, रात्रीचे साडेनऊ झालेत आणि ते दुपारचे चार दाखवतंय. बॅटरी गेली का?

जुनं_खोड

साडेपाच तास मागे ना? बॅटरी ठणठणीत आहे. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ लिहून ठेवतं आणि विंडोज तीच आपली समजून वाचतं. मिंटमधे जाऊन टाइमडेटसीटीएलने सेट लोकल आरटीसी १ कर, म्हणजे लिनक्स पण तिथे आपली स्थानिक वेळच ठेवेल. आणि आता झोप.