मुलगा जर्मनीत, आई कोथरूडला: एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयाचं परदेशी कमाईचं खातं) आईचं नाव घालता येईल का?

कोथरूडकर: सोसायटीचा मेंटेनन्स, वीजबिल आईनं भरावं, एवढाच हेतू. शिवाय मुलाच्या बाणेरच्या फ्लॅटचं भाडं येतं.

पासबुक: येईल, पण फक्त 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' (आधी पहिला खातेदार, त्याच्या पश्चात दुसरा) पद्धतीनं. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणीही) नाही. म्हणजे मुलगा हयात असेपर्यंत आईला नुसत्या जोडनावावर पैसे काढता येत नाहीत. त्यासाठी मुलाचं मुखत्यारपत्र लागतं. आई, वडील, जोडीदार, भावंडं चालतात. पुतण्या, मामा नाही. मुखत्यारपत्राचा नमुना आधी बँकेकडूनच घ्या, स्वतःचा मसुदा बहुतेकदा परत येतो. तिकडे दूतावासात साक्षांकन करून घ्यावं. कागद महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरायचं, हे लोक हमखास विसरतात! आणि मुखत्यार म्हणून आईला त्या खात्यातून कुणाला भेट देता येत नाही.

सहीशिक्का: भाडं एनआरओत (अनिवासीचं भारतातल्या उत्पन्नाचं खातं) घ्या, सरळ पडतं. भाडेकरूनं भाड्यातून 30 टक्के कर अधिक उपकर कापायचा असतो. जास्तीचा कर विवरणपत्र भरून परत मिळतो. एनआरओतही आईचं नाव त्याच पद्धतीनं. एनआरईचं व्याज मात्र भारतात करमुक्त.

कोथरूडकर: मुलाचं जुनं बचत खातं अजून चालू आहे, तेच वापरलं तर?

पासबुक: नका. अनिवासी झाल्यावर ते एनआरओत बदलावंच लागतं. उलट आईच्या स्वतःच्या निवासी खात्यात मुलाचं नाव 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' घालता येतं. त्यात पैसा आईचा, मुलानं व्यवहार करायचे तेही तिच्याच वतीनं.