टर्मिनलवरून पाठवलेला ईमेल सर्व्हर स्वीकारत नाही

प्रश्न:
उबुंटू या लिनक्स प्रणालीवर एमएसएमटीपी (msmtp, टर्मिनलवरून ईमेल पाठवणारा छोटा प्रोग्रॅम) बसवून रोजच्या बॅकअपचा अहवाल आपोआप ईमेलने पाठवायचा आहे. परंतु पोर्ट 25 वर (पोर्ट म्हणजे सर्व्हरशी जोडणीचा क्रमांकित मार्ग) जोडणीच होत नाही. कमांड दिल्यावर नेमके काय घडते?

उत्तर 1:
हा प्रोग्रॅम ईमेल स्वतः पोहोचवत नाही, तो सर्व्हरच्या हवाली करतो. आधी ‘ईएचएलओ’ने ओळख देतो, मग ‘मेल फ्रॉम’ने पाठवणारा आणि ‘आरसीपीटी टू’ने घेणारा कळवतो, ‘डेटा’नंतर सर्व्हरकडून 354 (‘मजकूर पाठवा’ असा संकेतांक) आले की मजकूर पाठवून शेवटच्या ओळीत केवळ एक टिंब देतो, आणि त्यावर 250 (‘ठीक’ असा संकेतांक) आले तरच ईमेल स्वीकारला गेला असे समजावे. पोर्ट 25 मुख्यतः सर्व्हरांच्या आपसातील देवाणघेवाणीसाठी आहे व अनेक इंटरनेट पुरवठादार ते बंद ठेवतात. आपण 587 घ्या आणि स्टार्टटीएलएस (जोडणी कूटबद्ध करणारी सोय) चालू ठेवा.

उत्तर 2:
जीमेल वापरत असाल, तर दुहेरी पडताळणी सुरू करून 16 अक्षरी ॲप पासवर्ड (अशा प्रोग्रॅमसाठीचा वेगळा पासवर्ड) घ्यावा लागेल. तो सेटिंगच्या फाइलमध्ये लिहिणार असाल, तर त्या फाइलची परवानगी 600 (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा.

उत्तर 3:
एक महत्त्वाची बाब राहिली: एमएसएमटीपी रांग ठेवत नाही. सर्व्हर बंद असला तर तो ईमेल पुन्हा आपोआप जाणार नाही, म्हणून स्क्रिप्टमध्ये एक्झिट कोड (कमांड यशस्वी झाली की नाही हे सांगणारा अंक) अवश्य तपासा.