'जे'ची एक ओळ आणि ती वाचणारा माणूस

(चर्चामंचावरचा धागा. 'तळटीप', 'उजवीकडून', 'खातेवही', 'फळा_खडू' ही सदस्यांची टोपणनावं.)

तळटीप:
काल 'जे' या प्रोग्रामिंग भाषेवर एक लेख आला. लेखक म्हणतो, चारशे ओळींचं काम त्याने चार ओळींत बसवलं, आणि ज्यांना त्या चार ओळी वाचता येत नाहीत ते आळशी आहेत. पहिलं वाक्य मला मान्य. दुसऱ्याने डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

दीड वर्ष मी 'जे' वापरली आहे. सरासरीसाठी नुसतं `+/ % #` लिहायचं. बेरीज, भागिले, किती नग. पहिल्यांदा ते चालताना पाहिलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. व्याख्या हाच प्रोग्राम! ते प्रेम अजून आहे.

पण मग एक सहकारी नोकरी सोडून गेला आणि त्याच्या सात ओळी माझ्या गळ्यात पडल्या. एका ओळीत `#` तीनदा. डावीकडे काही नसेल तर ते मोजणी करतं, डावीकडे एक-शून्यांची यादी असेल तर गाळणी होतं. कुठे काय, हे ठरवायला आधी संपूर्ण ओळ सोडवावी लागते. दोन दिवस गेले. मी आळशी नव्हतो. लिहिणाऱ्याने जो विचार केला, त्यातलं काही मागे ठेवलंच नव्हतं.

उजवीकडून:
साफ असहमत. दोन दिवसांत तुम्हाला सात ओळी कळल्या की अख्खं काम कळलं? तेच काम दुसऱ्या भाषेत सातशे ओळींचं असतं तर दोन दिवसांत तुम्ही फायलींची नावं वाचत बसला असता. वेळ ओळींनी भागू नका, कामाने भागा.

'जे'च्या कर्त्यांपैकी एक असलेल्या आयव्हरसनने १९६२ साली एपीएलचं, म्हणजे 'जे'च्या आधीच्या भाषेचं, पुस्तक लिहिलं तेव्हा ही मुळात गणित लिहिण्याची पद्धत होती, यंत्रावर चालणं नंतर आलं. त्याच्या १९७९ च्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानाचा विषयच हा, की लेखनपद्धती हे विचाराचं हत्यार आहे. समीकरण आपण कादंबरीच्या वेगाने वाचत नाही. मग ही ओळ त्या वेगाने का वाचता यावी?

तळटीप:
समीकरणाच्या वर-खाली चार परिच्छेद मजकूर असतो. 'क्ष म्हणजे अमुक समजा' असं लिहिलेलं असतं. माझ्या सात ओळींत ते कुठे होतं?

खातेवही:
मला एकच सांगा. कंचेभागुबेव कुठे गेलं?

मी मालसाठ्याचा हिशेब 'जे'त आणला. सुरुवातीचा साठा वजा विक्री वजा खराब माल. सरळ तसंच लिहिलं. ही भाषा उजवीकडून सुरू करते, म्हणजे आधी विक्रीतून खराब माल वजा, मग ते साठ्यातून वजा. `१० - २ - ३` चं उत्तर ११! टाकून दिलेला माल परत साठ्यात जमा होत होता. आमच्याकडे खराब माल बहुतेक दिवशी शून्य, त्यामुळे तीन आठवडे कुणाच्या लक्षात आलं नाही. गोदामात प्रत्यक्ष मोजणी झाली तेव्हा कळलं, आणि सगळ्यांसमोर उत्तर मी दिलं.

उजवीकडून:
तुमचा त्रास खरा आहे, पण नियम पहिल्याच धड्यात असतो. 'जे'त चिन्हं डझनावारी. सगळ्यांची उतरंड लावली तर पाठ कोण करणार? म्हणून आयव्हरसनने उतरंडच काढून टाकली. 'सी' या भाषेत ती आहे, आणि तिथे `&` आणि `==` यांचा क्रम चुकीचा बसला हे ती भाषा घडवणाऱ्या खुद्द रिचीने मान्य केलंय. त्या क्रमाने एकदा माझा पूर्ण रविवार खाल्ला होता.

खातेवही:
पहिल्या धड्यात असतो म्हणे! चौथीपासून हाताला लागलेलं वळण पहिल्या धड्याने जातं का? तुमचा रविवार गेला. माझ्यावर आकडे फिरवल्याचा संशय आला.

फळा_खडू:
वीस वर्षं गणित शिकवतेय, म्हणून बोलते. कंचेभागुबेवची एवढी तरफदारी करू नका. 'बे' आधी आणि 'व' नंतर, म्हणून दरवर्षी निम्मा वर्ग `१० - ३ + २` चं उत्तर ५ काढतो. बरोबर उत्तर ९. बेरीज-वजाबाकी एकाच पायरीवर, डावीकडून जायचं, हे त्या शब्दात कुठेच नाही. आणि घातावर घात चढला की आपणही वरून म्हणजे उजवीकडूनच सोडवतो. २ चा ३ चा २ वा घात ५१२, ६४ नव्हे. मुलांचा दोष नसतो हो, आपण त्यांच्या हातात अर्धाच नियम देतो.

खातेवही:
बाई, 'जे'तही `१० - ३ + २` चं उत्तर ५ च येतं. म्हणजे तुमच्या वर्गात जी चूक, ती इथे नियम.

फळा_खडू:
हो, पण इथला नियम एका वाक्यात संपतो आणि त्याला अपवाद नाही. माझ्या वर्गातला तसा असता तर मी आनंदाने शिकवला असता.

उजवीकडून:
आणि त्याच नियमामुळे `-/` (म्हणजे यादीतल्या आकड्यांमध्ये वजा घाला) लिहिलं की एकाआड एक अधिक-उणे बेरीज फुकट मिळते. १ २ ३ ४ दिले की १ - २ + ३ - ४, उणे २. वेगळं काही लिहावं लागत नाही.

खातेवही:
मला एकाआड एक बेरीज आयुष्यात लागलेली नाही. साठा रोज लागतो. असो, नियमाला अपवाद नाही एवढं मान्य. माझ्यापुरतं, दोन वजा आले की कंस घालतो.

तळटीप:
मूळ मुद्द्यावर येऊ या. १९८९ मध्ये आर्थर व्हिटनी या प्रोग्रामरने एका दुपारी एक पानाचा इंटरप्रिटर (भाषेतल्या ओळी चालवून दाखवणारा प्रोग्राम) लिहिला, त्यातूनच 'जे' उभी राहिली. ते पान 'जे' प्रत्यक्ष लिहिणाऱ्या रॉजर हुईने साधारण आठवडाभर अभ्यासलं, असं त्याने स्वतः नोंदवलंय. एका पानाला आठवडा, आणि वाचणारा हुई! तो आळशी होता का?

उजवीकडून:
उलट. त्या आठवड्यानंतर त्याच धाटणीत त्याने अख्खी भाषा उभी केली. आठवडा वाया गेला नाही, गुंतवला गेला. पण 'आळशी' हा शब्द चुकीचा होता. तो लेख माझा नाही, तरी वर मी त्याच सुरात बोललो. तेवढं मागे घेतो. बाकी काही नाही.

तळटीप:
तेवढंच हवं होतं. माझ्याकडूनही एक: त्या सात ओळी मी दुसऱ्या भाषेत लिहायला घेतल्या होत्या. दीडशे ओळींवर थांबलो, कारण नेमकी चूक कुठे आहे हे मलाच दिसेना. सात ओळी परत आणल्या. आता त्यांच्या डोक्यावर एकोणीस ओळींची टीप आहे.

उजवीकडून:
कोड बदलला की ती टीप खोटी ठरेल.

तळटीप:
मग बदलणाऱ्याने टीपही बदलायची. टीपेची पहिली ओळ तीच आहे.