डेस्कटॉपचं वायफाय सारखं अडकतंय, कार्ड बदलावं का?

भिंगरी
टॉवर कॅबिनेट, विंडोज ११. ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, दोन्ही पट्ट्यांवर चालणारा) यूएसबी वायफाय डोंगल मागच्या निळ्या यूएसबी ३.० पोर्टात, त्याला चिकटूनच एक्स्टर्नल हार्ड डिस्कची केबल. राउटर पलीकडच्या खोलीत, मधे एकच भिंत. जोडणी २.४ गिगाहर्ट्झवर. व्हिडिओ कॉल मधेच गोठतो, वायफायचं चिन्ह मात्र जसंच्या तसं. फोन त्याच टेबलावर व्यवस्थित चालतो. राउटर रीस्टार्ट आणि ड्रायव्हर काढून पुन्हा टाकणं, दोन्ही झालं. पीसीआय-ई कार्ड (कॅबिनेटच्या आत मदरबोर्डवर बसणारं वायफाय कार्ड) घ्यावं का? काय बघून घ्यावं?

तांब्याची तार
थांबा, आधी दोष कुठे आहे ते पक्कं करा. कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत 'पिंग -टी' (ping -t, समोरून उत्तर यायला किती वेळ लागतो ते सतत दाखवणारी आज्ञा) देऊन राउटरचा पत्ता टाका ('आयपीकॉन्फिग'मध्ये 'डिफॉल्ट गेटवे'पुढे दिसेल तो), दुसरीत ८.८.८.८ (इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर). अडकताना राउटरचा पिंगही उडाला तर घोळ वायफायमध्ये. राउटरचा स्थिर राहून फक्त दुसरा थांबला, तर बाहेरची लाइन बघायची. मग कार्ड बदलून काही होणार नाही.

माझा संशय त्या हार्ड डिस्कवर आहे. यूएसबी ३.० चा डेटा ५ गिगाबिट वेगाने धावतो आणि त्याचा रेडिओ गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर पसरतो. इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर टिपण काढलं होतं. गोंगाट पोर्ट, केबल आणि डिस्कच्या पेटीतूनही निघतो, आणि तुमच्या डोंगलची अँटेना त्याच्यापासून दोन बोटांवर आहे. शिवाय मागे कॅबिनेटचा पत्रा आडवा येतो. फोनला यातलं काहीच भोगावं लागत नाही.

पिंग चालू ठेवून डिस्कवर मोठी फाइल कॉपी करा, आकडे बघा. नंतर डोंगल १ मीटरच्या एक्स्टेन्शन केबलने काळ्या यूएसबी २.० पोर्टात लावून टेबलावर उघड्यावर ठेवा आणि तीच चाचणी पुन्हा करा. यूएसबी २.० मध्ये वेगाला ४८० मेगाबिटची मर्यादा येते, पण व्हिडिओ कॉलला तेवढा कधीच लागत नाही.

भिंगरी
एरवी राउटरचा पिंग ३ मिलिसेकंद. कॉपी सुरू केल्याबरोबर ४०० ते ९००, दोनदा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट'. एक्स्टेन्शन लावल्यावर कॉपी चालू असतानाही ९ च्या वर गेला नाही. सिग्नल ६२ टक्क्यांवरून ८४. मात्र मशीन बराच वेळ नुसतं पडून राहिलं की पहिलं पान उघडताना जोडणी तुटलेली असते.

कंपास
हा दुसरा, वेगळा दोष आहे: वीजबचत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये डोंगलच्या 'पॉवर मॅनेजमेंट' टॅबवर जाऊन वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याच्या परवानगीची खूण काढा, 'यूएसबी रूट हब'चीही काढा. पॉवर प्लॅनमध्ये 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. तरीही तुटलं तर अ‍ॅडमिन म्हणून 'नेटएसएच डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट' (netsh wlan show wlanreport) चालवा. गेल्या तीन दिवसांत जोडणी कधी आणि कोणत्या कारणाने तुटली, ते वेळेसकट मिळतं.

आणि जमलं तर ५ गिगाहर्ट्झवर जा, तिथे यूएसबीचा हा गोंगाट पोचत नाही. दोन्ही पट्ट्यांना राउटरमध्ये वेगळी नावं द्या, म्हणजे मशीन आपल्या मर्जीने उडी मारणार नाही. चॅनल ३६ ते ४८ पैकी निवडा. ५२ ते १४४ या चॅनलवर रडारची चाहूल लागली की राउटरला ते सोडावंच लागतं, आणि तशाच दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी किमान एक मिनिट नुसतं ऐकत बसावं लागतं. २.४ वरच राहायचं असेल तर रुंदी २० मेगाहर्ट्झ, चॅनल १, ६ किंवा ११. मधला ३ किंवा ४ निवडला की दोन्हीकडच्यांचा त्रास ओढवून घेतो.

पाचवी खिडकी
कार्डची घाई नको. पुढेमागे घेतलंच तर वायरवाली, चुंबकी बैठकीची अँटेना असलेलं घ्या. थेट कार्डावर स्क्रू होणाऱ्या दांड्या पुन्हा त्याच पत्र्यामागे राहतात. ब्लूटूथसाठी कार्डातून निघणारी छोटी केबल मदरबोर्डच्या ९ पिनी यूएसबी हेडरला लावावी लागते. ती राहिली की ब्लूटूथ दिसतच नाही. सुटं मॉड्यूल (वायफायची छोटी पाटी) घेऊन अडॅप्टरवर बसवणार असाल तर इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० चालेल. एएक्स२०१ आणि एएक्स२११ घेऊ नका, ती ठरावीक इंटेल बोर्डांवरच्या खास स्लॉटसाठीच असतात. मॉड्यूलवरची अँटेनाची बारीक टोपणं सरळ वरून दाबा, 'टक' असं जाणवलं पाहिजे. तिरकी बसली तर जोडणी होते, पण सिग्नल तळाला राहतो.

तांब्याची तार
टॉवर जागचा हलत नसेल आणि भिंतीतून वायर नेता येत असेल, तर कॅट ५-ई केबल १०० मीटरपर्यंत पूर्ण गिगाबिट देते. कॉलसाठी माझं मत नेहमी तिलाच.