कुत्र्याला ड्रोनच्या मागे पळवणं सेफ आहे का? नाशिकमध्ये कोणी करतं का असं?

ब्रुनोचा_बाबा:
नमस्कार मंडळी. आमचा ब्रुनो, लॅब म्हणजे लॅब्रॅडोर, दीड वर्षाचा होत आला, पाथर्डी फाट्याला फ्लॅटमध्ये राहतो. सकाळी मी फिरवतो, संध्याकाळी मिसेस नेते, तरी रात्री दहाला साहेबांची बॅटरी फुल्ल, सोफ्यावरून दिवाणावर, दिवाणावरून माझ्या अंगावर. माझा गुडघा कामातून गेलाय त्यामुळे पळणं माझ्याच्यानं होत नाही. पुतण्याकडे एक छोटा ड्रोन आहे, ऐंशी ग्रॅमचा, चार पात्यांचा. तो म्हणतो काका आपण भगूरला मामाच्या रानात नेऊ, मी ड्रोन उडवतो, ब्रुनो मागे पळेल, तासाभरात ढेर. व्हिडिओत बघितलं तर कुत्री मस्त पळताना दिसतात पण मला पात्यांची भीती वाटते. कोणी केलंय का? आणि परमिशन वगैरे लागते का हो?

क्वाडवाला_नाशिक:
दादा आधी ते भगूर डोक्यातून काढा. शेजारी देवळाली कॅम्प, तोफखान्याचं स्कूल, इकडे गांधीनगरला आर्मी एव्हिएशनची धावपट्टी, नाशिकरोडला नोटांचा छापखाना, तो सगळा पट्टाच नाजूक आहे. ड्रोन खेळण्यातला आहे हे तुम्हाला माहीत, गेटवरच्या जवानाला नाही. 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतचा नॅनो धरतात, त्याला पायलटचं लायसन लागत नाही हे खरं, पण म्हणून तो रेड झोनमध्ये उडवता येतो असं अजिबात नाही, तिथे केंद्राची परवानगी लागते आणि नियम मोडला तर दंड लाखापर्यंत जाऊ शकतो. डिजिटल स्काय म्हणून सरकारची ड्रोनसाठीची साइट आहे, तिच्यावर नकाशा आहे, त्यात तुमची जागा बघा, लाल दिसली की विषय संपला. ओझरच्या बाजूला जाणार असाल तरी तेच, तिथे विमानं बनवणारी एचएएल आणि विमानतळ आहे. आणि नकाशा हिरवा असला तरी पोलीस आयुक्तालयाचे बंदीआदेश वेगळे निघत असतात, ते पण बघून घ्या.

आता पुतण्याचा तासाभराचा हिशोब. ऐंशी ग्रॅमवाले एका बॅटरीवर फार तर बारा-तेरा मिनिटं उडतात, ते पण वारा नसेल तर. बहुतेकांना जीपीएस नसतं, वाऱ्याची एक झुळूक आली की गेला बांधावरच्या बाभळीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॅटरी उतरली की हे असेल तिथे आपोआप खाली बसतात, आणि खाली कोण उभा असणार तोंड उघडून? म्हणून अर्धी बॅटरी संपली की उतरवायचं, ब्रुनोला लीशवर धरून दुसऱ्या माणसानं लांब उभं राहायचं, आणि पाती पूर्ण थांबल्याशिवाय सोडायचं नाही. पात्यांना गार्ड लावलेच पाहिजेत, पण गार्ड बाजूनं असतात, वरून खालून जीभ आत जातेच.

श्वानवेडी:
पात्यांपेक्षा मला बॅटरीची जास्त भीती वाटते. लिथियम पॉलिमरची असते, सुळा घुसला की आत शॉर्ट होऊन पेट घेते, आणि लॅब म्हणजे सापडेल ते तोंडात. त्यामुळे ड्रोन हा "पकडायची वस्तू" आहे हे त्याच्या डोक्यात जाताच कामा नये.

दुसरं म्हणजे नुसतं मागे पळवणं आणि कधीच काही हाती लागू न देणं, हे लेझर लाइटच्या ठिपक्यामागे पळवण्यासारखंच होतं. रेस्क्यूमध्ये अशी कुत्री येतात, भिंतीवरचा उजेड हलला तरी तासन्‌तास तिथेच डोळे लावून बसतात, झोपत नाहीत. दमलेलं कुत्रं आणि शांत कुत्रं यात फरक आहे ताई-दादांनो, चेव चढवून दमवलं तर रात्री ते जास्तच धुमाकूळ घालतं.

शिवाय वर बघत पळणाऱ्या कुत्र्याला खालचं दिसत नाही. रानात खड्डे, तारेचं कंपाउंड, ड्रिपच्या नळ्या, विहिरी. आणि उडी मारून हवेतच वळून खाली आला की मागच्या गुडघ्याचं लिगामेंट जातं, लॅबमध्ये खुब्याचे प्रॉब्लेम आधीच कॉमन आहेत. वजन जास्त असेल तर आधी व्हेटला खुबे दाखवा मग काय ते करा.

गावठी_काठी:
अहो कशाला पाहिजे ते ड्रोन न फ्रोन. पाच फुटाचा वेळू घ्या, टोकाला दोरी, दोरीला जुन्या जीन्सची चिंधी, तुम्ही जागेवर खुर्ची टाकून बसा आणि काठी फिरवा. चिंधी जमिनीलगत ठेवायची, मधूनमधून पकडू द्यायची, पकडली की "सोड" म्हणून सोडायला लावायची. दहा मिनिटात जीभ बाहेर. चार्जिंग नको की परमिशन नको. आमची पोरं हौशी, त्यांना सगळं उडतंच पाहिजे.

क्वाडवाला_नाशिक:
@गावठी_काठी काका बरोबर आहे तुमचं, गुडघेवाल्या माणसाला तर काठीच बेस्ट 😄 पण पुतण्याची हौस आहे तर असं करता येईल. ड्रोनचा उपयोग मागे पळवायला नाही, नुसता इशारा म्हणून करायचा. रानाच्या दुसऱ्या टोकाला गवतात आधीच बॉल किंवा खाऊ लपवून ठेवा, ड्रोन पंधरा-वीस फुटांवरून त्या दिशेला नेऊन थोडा वेळ तिथे थांबवा, मग बाजूला घेऊन उतरवा, आणि मग ब्रुनोला सोडा शोधायला. हळूहळू त्याला कळतं, आवाज जिकडे गेला तिकडे माल आहे. पळणंही होतं आणि नाकही चालतं. ड्रोनला बॉल लटकवायची आयडिया पुतण्या काढेलच, त्याला आधीच नाही म्हणा, टेनिस बॉल साठेक ग्रॅमचा असतो, ऐंशी ग्रॅमचं यंत्र तो उचलणार कुठून. आणि दोरी लोंबकळली की कुत्रं ती ओढणार आणि ड्रोन डोक्यावर.

श्वानवेडी:
हे मला पटलं. फक्त आवाजाची सवय आधी करा. आपल्याला वीस हजार हर्ट्झच्या वरचं ऐकू येत नाही, त्यांना त्याच्या दुप्पटही येतं, त्यामुळे मोटारची आपल्याला बारीक वाटणारी शिट्टी त्यांना कशी लागत असेल विचार करा. पहिले काही दिवस बंद ड्रोन जमिनीवर ठेवून नुसता हुंगू द्या, खाऊ द्या. मग पुतण्यानं लांब जाऊन नुसत्या मोटारी चालू करायच्या. कान मागे पाडले, शेपूट आत घेतलं, जांभया द्यायला लागला तर तिथेच थांबा, आणखी लांब जा. आणि "ये" म्हटल्यावर तो बाकी सगळं सोडून येत नसेल तर आधी ते शिकवा, ड्रोनचं नंतर. जेवण झाल्यावर लगेच पळवू नका, पोट फुगून पिळा पडला तर जीवावर बेततं.

ब्रुनोचा_बाबा:
धन्यवाद सगळ्यांना. भगूर कॅन्सल. साडूचं शेत गिरणाऱ्याला आहे, टोमॅटो काढून झालेत, रान मोकळं आहे, धरणापासून पण लांब आहे, नकाशात बघतो कसं दाखवतंय. काठी मात्र आजच बनवतो. "ये" म्हटल्यावर येणं... हे म्हणजे हातात बिस्कीट असेल तर येतो, नसेल तर त्याची मर्जी. तिकडे घारी खूप असतात, त्यांचं काय?

क्वाडवाला_नाशिक:
घारी ड्रोनवर झडप घालतात, विशेषतः घरटं जवळ असेल तर. ऊन तापलं की त्या गरम हवेवर चढतात, म्हणून सकाळी लवकर जा, ब्रुनोलाही तेव्हाच बरं, मार्चनंतर तर नऊच्या पुढे त्याला पळवूच नका. घार घिरट्या घालायला लागली की गुपचूप उतरवा, तिच्याशी मस्ती नको. आणि संक्रांतीच्या आसपास तिकडे गेलात तर ड्रोन घरीच ठेवा, बंदी असली तरी नायलॉन मांजा झाडाझाडावर लटकत असतो, पात्यात गुंतला तर ड्रोन जाईल ते सोडा, ब्रुनोच्या पायात अडकला तर कापत जातो. रानात सोडायच्या आधी एकदा बांधावरून चक्कर मारून बघा कुठे पडलाय का.

गावठी_काठी:
वेळू म्हसरूळला मिळेल. जरा जाडसर घ्या, लॅब आहे तो.